‘देवाकडे’ लिहिलेला आकडा

ताई,

माझी आत्या जाऊन नऊ महिने झाले. ती 31 वर्षांची असताना आतोबा गेले, पदरात दोन लहान मुलं. घरातल्या एका जुन्या मशीनवर तिने शेजारच्या बायकांचे कपडे शिवायला घेतले, मग शाळांचे गणवेश, आणि शेवटी तिच्या हाताखाली 14 जणी काम करत होत्या. देवावर विलक्षण श्रद्धा. पहाटेची पूजा आणि जप झाल्याशिवाय ती मशीनला हात लावत नसे. माझी आई सतत आजारी असायची, म्हणून मी निम्मीअधिक आत्याकडेच वाढले.

वर्ष पूर्ण होईल तेव्हा तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय, आणि ‘तुझं मराठी चांगलं’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. ‘अत्यंत धार्मिक, कष्टाळू आणि प्रेमळ’ याच्यापुढे गाडी जात नाही. आतेबहीण म्हणते, आईची भक्ती लिही, पैशांचं कशाला? आतेभाऊ आता धंदा बघतो. तो म्हणतो, शून्यातून सगळं उभं केलं ते लिही, देवधर्म काय सगळेच करतात. त्यात मला तिच्या हिशेबाच्या जुन्या वह्या सापडल्या. दर महिन्याच्या शेवटी ‘देवाकडे’ असं लिहून एक आकडा आहे. ते पैसे कुठे जायचे, कोणालाच माहीत नाही. उधारीच्या काही नावांवर नुसती सरळ रेघ आहे. आणि पहिली सहा वर्षं तिच्यासोबत एक भागीदार बाई होत्या, त्यांचं नाव एका पानानंतर एकदम थांबतं. घरात त्यांचा विषय कोणी काढत नाही. त्या अजून आहेत. हे सगळं लिहायचं का? आणि लिहायला बसलं की रडूच येतं. आधी सावरू आणि मग लिहू का?

— आत्याची भाची


प्रिय भाची,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यांत लहान आहे. सावरायची वाट बघू नका. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीने ओलांडले की माणूस मोकळा होतो, ही समजूत आपल्या डोक्यात कुठून तरी येऊन बसली आहे. ते टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 साली मांडले, तेही ज्यांना स्वतःचं मरण समोर दिसत होतं अशा रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या अंगावर ते माप नंतर चढवलं गेलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये जे मांडलं ते मला जास्त पटतं. दुःखातला माणूस झोक्यासारखा हलत असतो, घटकाभर गेलेल्या माणसाकडे, घटकाभर समोरच्या कामांकडे, आणि हे जाणं-येणं म्हणजेच सावरणं, असं साधारण त्यांचं म्हणणं. तेव्हा घड्याळ लावून पाऊण तास लिहा. मग उठा आणि हाताने करायचं कुठलं तरी काम करा. दुसऱ्या दिवशी परत बसा.

आणि रडू आलं तर येऊ द्या, फक्त ज्या ओळीवर आलं तिच्या समोर समासात पेन्सिलीने एक टिंब द्या. फाडलेल्या तीन मसुद्यांत अशी टिंबं कुठे कुठे पडली असती, आठवून बघा. ‘प्रेमळ’ या शब्दावर पडलं नसतं, याची मी पैज लावते.

हे मी स्वतः ठेच खाऊन सांगते आहे. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्यावर चार पानं मीच लिहिली होती. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, हाती घेतलेलं काम तडीस नेणारे. छापूनही आली. वडिलांसोबत तीस वर्षं नोकरी केलेले एक गृहस्थ वाचून म्हणाले, ‘छान आहे हो. पण कोणावर लिहिलंय?’ तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता कधी तो कागद हाती लागला तर त्यात वडिलांचा खोकला ऐकू येत नाही. छत्री कुठे तरी विसरून आले की ते दारातच कसे ओशाळून उभे राहायचे, तेही नाही. मी त्यांना इस्त्री करून, घडी घालून ठेवून दिलंय.

विशेषणं खोटी असतात असं नाही. ती तयार कपड्यांसारखी असतात, कुणालाही जरा सैल, जरा घट्ट बसतात. तुमच्या आत्याने जन्मभर माप घेऊन शिवलं. निदान तिच्याबद्दल लिहिताना तरी टेप काढा.

म्हणजे काय करायचं? तीन विशेषणं तीन कोऱ्या कागदांवर लिहा आणि प्रत्येकाखाली फक्त घडलेली गोष्ट लिहा. ‘धार्मिक’च्या कागदासाठी माझा एक प्रश्न आहे, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही. आत्या पूजेला बसलेल्या असताना एखादं गिऱ्हाईक घाईने दाराशी आलं तर त्या उठायच्या का? उठत असतील तर त्या एक प्रकारच्या बाई. जप पुरा होईपर्यंत मान वळवत नसतील तर दुसऱ्या प्रकारच्या. आणि माळ हातात तशीच ठेवून ‘बसवा गं त्यांना, आलेच’ असं आतून ओरडत असतील तर अगदीच तिसऱ्या. धार्मिक तिघीही. पण तुमची आत्या त्यांतली एकच, आणि कोणती ते तुम्हाला आत्ता, हे वाचता वाचताच आठवलं असेल. तिथून लिहायला लागा.

‘कष्टाळू’खाली शाळा उघडण्याच्या आधीचे ते दिवस येतील. रात्री किती वाजेपर्यंत मशीन चालायचं, काज-बटणं कोण करायचं, सुईत दोरा ओवायला कोणाला हाक मारली जायची. (तुम्हालाच, असा माझा अंदाज. त्या वयातल्या मुलींचे डोळे घरादाराच्या उपयोगी पडतात.) ‘प्रेमळ’ सगळ्यांत अवघड. त्याच्याखाली त्या कधी कठोर झाल्या तेही लिहावं लागेल. 14 जणींना सांभाळणाऱ्या बाईला कधी तरी कोणाला तरी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणावं लागलंच असणार. आणि आतोबा गेले तेव्हा त्यांची पूजा काही दिवस थांबली होती का? देवावर त्या कधी रुसल्या होत्या का? हे विचारायला लोक कचरतात. पण 31 व्या वर्षी नवरा गेल्यावरही जी बाई दुसऱ्या पहाटे देवासमोर बसते तिची भक्ती एक, आणि जी दोन महिने बसत नाही आणि मग एके दिवशी पुन्हा बसते तिची वेगळी. मला विचाराल तर दुसरी जास्त खोल. पण ते माझं मत झालं. तुम्ही जे घडलं ते लिहा.

त्यांची वाक्यं मिळतील तशीच्या तशी, त्यांच्याच बोलीत उतरवा. शुद्ध करू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांच्या तोंडून ओव्या यायच्या, त्या त्यांच्या मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या एका मावसभावाने कागदावर टिपून ठेवल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. टिपणाऱ्यांनी त्या लेवा बोलीला इस्त्री केली असती तर आज आपल्याकडे काय राहिलं असतं? तुमच्या आत्या कवयित्री नसतील, पण उलटं शिवलेलं बघून त्या शिकाऊ मुलीला काय म्हणायच्या, ते वाक्य त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचंच नाही.

आता तुमच्या आते भावंडांचं भांडण. मला त्यात दोघांचाही राग येत नाही. मुलीला आईची पहाट आठवते, मुलाला मशीनची खोली. दोघांनीही आपापल्या वाटची आई जपून ठेवली आहे आणि दुसऱ्याच्या वाटची आपल्या आईला कमीपणा आणेल असं दोघांनाही वाटतंय. एकीला वाटतं पैशाने भक्ती विटाळेल, दुसऱ्याला वाटतं भक्तीने कर्तृत्व झाकलं जाईल. तुम्ही मात्र त्या घरात दोन्ही वेळांना होतात, आणि त्यांचं लेकरू नव्हतात. लिहिणारीला याहून चांगली जागा मिळत नाही.

इटलीत प्रातो नावाच्या गावी फ्रान्चेस्को दातिनी नावाचा एक व्यापारी होऊन गेला. 1410 मध्ये वारला. लोकर, कापड, मीठ, शस्त्रं, जे विकता येईल ते विकायचा. त्याच्या हिशेबवह्यांवर लिहिलेलं असायचं: ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’. दोन्ही एका दमात! त्याला यात काही विसंगत वाटलं नाही. बायकोपासून मूलबाळ नव्हतं, जवळपास सगळी मालमत्ता गावातल्या गरिबांसाठी ठेवून गेला. त्याने आपले कागद जपून ठेवायला सांगितलं होतं, आणि 1870 च्या सुमाराला त्याच्या वाड्यात जिन्याखालच्या जागेत ते सापडले. दीड लाखाच्या आसपास पत्रं आणि पाचशेहून जास्त वह्या. त्यांत त्याच्या बायकोने त्याला झापलेली पत्रंसुद्धा आहेत. आज सहाशे वर्षांनी तो माणूस आपल्याला राजेरजवाड्यांपेक्षा ओळखीचा वाटतो तो त्या हिशेबांमुळे. त्या काळच्या फ्लॉरेन्समधल्या काही मोठ्या व्यापारी पेढ्यांमध्ये तर खुद्द देवाच्या नावाने खातं असायचं आणि त्या खात्यावरचा पैसा गरिबांना जायचा.

म्हणून ‘देवाकडे’ वाचल्यावर मी खुर्चीत सरसावून बसले. तुमच्या आत्याने प्रातोचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. पण देवाला हिशेबात घ्यायचं, अगदी शब्दशः, हे त्यांना आपलं आपण सुचलं. तुमच्या भावंडांच्या भांडणाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने, दर महिन्याच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवलं आहे.

मात्र त्या ओळीचा अर्थ लावायची घाई करू नका. ‘गुप्तदान करायची’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होईल. थांबा. आधी एक वही घ्या आणि दर महिन्याची कमाई आणि ‘देवाकडे’चा आकडा शेजारी शेजारी मांडा. आकडा कमाईबरोबर वर-खाली होत असेल तर तो ठरवून काढलेला वाटा आहे. कमाई काहीही असली तरी तोच असेल, तर तो बोललेला नवस असू शकतो, किंवा एखाद्या घरी दरमहा ठरलेली मदत. ज्या महिन्यात धंदा बसला होता त्या महिन्यात काय दिसतं ते मुद्दाम बघा. तंगीतही आकडा खाली आला नसेल तर ती एक ओळच अर्ध्या पुस्तिकेइतकी बोलेल. मग त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त वर्षं काम केलेल्या बाईंना विचारा. घरच्यांना जे माहीत नसतं ते अशा माणसांना माहीत असतं. आणि कळलंच नाही, तर तसं लिहा: ‘हे पैसे कुठे जात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.’ आत्याने सांगितलं नाही ते तुम्ही रचून सांगण्यापेक्षा हे बरं.

उधारीवरच्या रेघेचंही असंच. ज्यांचे पैसे आले त्यांच्या नावासमोर आत्या काय लिहायच्या ते आधी पाहा. तिथे तारीख आणि ‘जमा’ असेल, आणि रेघेच्या नावांसमोर ते नसेल, तर ती रेघ वेगळं काही सांगते आहे. तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. पण त्यातला एक तपशील आपण सहसा विसरतो. भावाच्या वाट्याची खतं त्यांनी भावाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली, असंही ती परंपराच सांगते. वाणीपणा आणि वैराग्य एकाच कृतीत! दुसऱ्याच्या पैशांवर उदार व्हायचं नाही, एवढा हिशेब त्या क्षणीही शाबूत. तुमच्या वह्यांतल्या रेघा भागीदारीच्या सहा वर्षांत आहेत की त्यानंतरच्या, हे म्हणूनच बघण्यासारखं आहे. नावं मात्र छापू नका, पानाचा फोटो छापणार असाल तर झाका. आत्याने ज्यांची उधारी कोणाला न सांगता पुसली त्यांच्या नातवंडांना ती पुस्तिकेतून कळायला नको.

वह्या वाचताना आकड्यांपेक्षा खाडे बघा. कुठल्या आठवड्यात एकही नोंद नाही? अक्षर कधी बदललं, दुसऱ्याच कोणाच्या हाताने कधी लिहिलं गेलं? दुसरं मशीन कधी घेतलं, पहिला पगार कोणाला दिला? आणि सगळ्यांत आधी, तुमची आई पहिल्यांदा फार आजारी पडली आणि तुम्ही आत्याकडे राहायला गेलात त्या महिन्याचं पान काढा. एक जेवणारं तोंड वाढलं, शाळेची वह्या-पुस्तकं आली. तुमच्या फ्रॉकचं कापड तिथे कुठे तरी खर्चात टाकलेलं असेल. किंवा तुमच्यावरचा खर्च त्यांनी एकदाही लिहिला नसेल. दोन्हींतलं काहीही निघालं तरी त्या दिवशी पुढे लिहायला जाऊ नका. वही मिटून ठेवा.

माणसांकडे जाताना वयाने आणि तब्येतीने जे सगळ्यांत पिकलेले त्यांच्याकडे आधी जा. तीन महिने कमी आहेत. आणि एकेकट्याला भेटा. सगळे एकत्र बसले की जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 साली लिहून ठेवलंय: त्याने लोकांना एक परकी, विचित्र गोष्ट वाचायला देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली, तर दर खेपेला तिच्यातला अनोळखी भाग गळत गेला आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत गेली. घराघरांत हेच होतं. तुमच्या घरात आत्याची एक ठरलेली गोष्ट आत्ताच तयार झाली असेल, जी सगळे सारख्याच शब्दांत सांगतात. ती आदराने ऐका आणि मग विचारा, ‘त्या दिवशी पाऊस होता का? कोण कोण होतं खोलीत?’ म्हातारी माणसं कालचं विसरतात, पण स्वतःच्या दहा ते तीस वयातलं बारकाईने सांगतात, हा अभ्यासकांचाही अनुभव आहे. म्हणून आत्याच्या पहिल्या मशीनबद्दल त्यांना विचारा जे तेव्हा विशी-पंचविशीत होते. ‘त्या कशा होत्या?’ हा प्रश्न विचारूच नका, त्याला पुन्हा तीच तीन विशेषणं येतील. ‘तुम्हाला त्या कशावरून रागावल्या होत्या?’ असं विचारा. हातात त्यांची कात्री किंवा एखादा जुना फोटो द्या आणि गप्प बसा.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर पंखा बंद, फोन माणसाच्या जवळ, आणि सुरुवातीला तारीख व नाव स्वतःच्या आवाजात सांगा. दोन वर्षांनी फायली एकसारख्या दिसतात. मूळ फाइल तशीच ठेवा. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या कोणाच्या घरी. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. दुकानांच्या चकचकीत कागदावरच्या पावत्या असतील तर आजच फोटो काढा, त्यावरची अक्षरं आपोआप उडतात. आणि तुमच्या फोनमध्ये आत्याच्या आवाजातले निरोप असतील, ‘येताना अमुक घेऊन ये’ असे बिनमहत्त्वाचे, तर ते आज रात्रीच दुसरीकडे उतरवून ठेवा. एवढं एक काम माझ्यासाठी म्हणून करा.

आता त्या भागीदार बाई.

त्यांच्याबद्दल लिहायचं का, याचं उत्तर तुमच्या आतेभावाच्या एका शब्दात आहे: शून्यातून. हा शब्द पुस्तिकेत येऊ देऊ नका. त्याला वाईट वाटेल, तरीही. शून्य नव्हतंच तिथे. एक जुनं मशीन होतं, ते कोणी तरी दिलेलं किंवा घेतलेलं होतं. दोन मुलांना कोणी तरी बघत होतं म्हणून आत्याला शिवता आलं. आणि पहिली सहा वर्षं, जेव्हा धंदा बुडण्याचीच शक्यता जास्त असते, दुसरी एक बाई शेजारच्या मशीनवर बसलेली होती. पुढचं भांडण कितीही मोठं असलं तरी ही सहा वर्षं घडलेली आहेत आणि ती आत्याच्याच अक्षरात आहेत. ती गाळलीत तर पुस्तिका आत्याच्या वहीपेक्षा कमी खरी होईल, आणि असं पुस्तक हिशेबाला पक्क्या असलेल्या तुमच्या आत्याला कसं आवडलं असतं?

भांडण का झालं ते मात्र छापायचं कारण नाही. तुम्हाला फक्त एक बाजू मिळेल, तीही ऐकीव. पुस्तिका म्हणजे काही निवाडा नाही. आत्याचा हट्ट, आत्याचा तिरसटपणा, आत्याची चूक यावर तुम्ही लिहू शकता, तुम्ही घरच्या आहात. दुसऱ्या बाईची चूक तुमच्या हातची नाही. ‘पहिली सहा वर्षं दोघींनी मिळून काम केलं, पुढे वाटा वेगळ्या झाल्या’, एवढं एक वाक्य पुरतं. पण ते लिहिण्याआधी त्यांना भेटा. फोन करून वेळ मागा, एकट्या जा, वही नेऊ नका. वही नेलीत तर त्यांना वाटेल जुना हिशेब काढायला आलात. फक्त सांगा की पुस्तिका करतेय, तुमचं नाव घातलं तर चालेल का. चालेल म्हणाल्या तर पूर्ण नावानिशी घाला. नको म्हणाल्या तर ‘एक मैत्रीण’ लिहा. काहीच बोलल्या नाहीत तर चहापाणी घेऊन परत या, तेही चालेल. माझा अनुभव असा की अशी माणसं पहिली दहा मिनिटं काही बोलत नाहीत आणि मग दोन तास थांबत नाहीत. पहाटेच्या त्या पूजेच्या वेळी शेजारच्या मशीनवर बसून वाट बघणारी बाई तीच होती, हेही विसरू नका. गिऱ्हाईक आल्यावर आत्या उठायच्या की नाही, हे तिच्याहून चांगलं कोण सांगणार?

आतेबहीण आणि आतेभाऊ यांना पूर्ण झालेली पुस्तिका दाखवू नका. मधली चार पानं दाखवा, ज्यांत एकाच परिच्छेदात माळ आणि टेप दोन्ही आहेत. बहिणीला सांगा की ‘देवाकडे’ची ओळ हिशेबाच्या वहीतच आहे, हिशेब गाळला तर ती ओळही जाईल. भावाला सांगा की ज्या बाईने तंगीतही तो आकडा लिहिला तिच्या धंद्याची गोष्ट त्या आकड्याशिवाय अर्धीच. त्यातूनही कुरकुर झाली तर दोघांना एकेक पान द्या, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहायला. तुम्ही त्यात काना-मात्रासुद्धा बदलू नका. एकाच आईवर शेजारी शेजारी दोन न जुळणारी पानं असणं पुस्तिकेला शोभेलच.

मुखपृष्ठाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. घरातले सगळे तो हार घातलेला, स्टुडिओतला फोटो पुढे करतील. तो आत घाला. पुढे असा फोटो लावा ज्यात त्या कामात आहेत आणि कॅमेऱ्याकडे बघतही नाहीत, चष्मा कपाळावर, मान खाली, एखाद्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा आला असला तरी चालेल.

छापून आली की पहिली प्रत त्या भागीदार बाईंकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. पोस्टाने पाठवू नका.

— ताई